पायांनी काढलेलं चित्र

(दवाखान्यातली खोली, दुपार. खाटेवर डोंगर-बचाव पथकातला माणूस, पाय प्लास्टरमध्ये. शेजारी बहीण आणि भाऊ.)

बहीण: हळू बोल म्हणतोस? माझ्यामागे माणसं पिटाळताना हळू बोलला होतास?

भाऊ: अगं, निदान यांच्यासमोर तरी नको. यांचा पाय मोडलाय.

बहीण: माहितीये मला. माझ्या कॅमेऱ्याच्या तिपाईचे दांडे लावून मीच बांधला तो. तू कुठे होतास तेव्हा?

भाऊ: खाली. कानाला फोन लावून. तुझा लागतच नव्हता.

बहीण: वर रेंज नसते, हे निघताना सांगितलं होतं. रविवारी संध्याकाळी उतरेन, हेही सांगितलं होतं. वहिनी समोर होती, विचार तिला. आणि तू शनिवारीच पथक बोलावलंस!

भाऊ: थंडी बघितलीस का कसली होती? एकटी तू, पाठीवर एवढं ओझं. आणि कशासाठी, तर फोटो! आपल्या स्टुडिओत निघत नाहीत फोटो?

बहीण: निघतात ना. दिवसभर लोकांच्या हनुवट्या सरळ करत असते मी. मान जरा डावीकडे, डोळे मिटू नका. दादा, वर एक पठार आहे. त्यावरच्या बर्फात कुणाचं पाऊल नव्हतं. सबंध सकाळ मी त्यावर चालले. पाय दाबत, आतून बाहेर, वर्तुळाभोवती वर्तुळ. तिथे चुकलेलं पाऊल खोडता येत नाही. मग कड्यावर चढून कॅमेरा लावला. ऊन कललं की एकेका रेघेत सावली भरणार होती. भरायला लागलीही होती. तेवढ्यात ही मंडळी आली आणि मधूनच गेली तुडवत!

माणूस: ते... ते चित्र होतं होय?

बहीण: मग काय वाटलं तुम्हाला?

माणूस: वाट चुकून कुणीतरी गोल गोल फिरलंय असं वाटलं, ताई. थंडीनं डोकं बधिर झालं की माणूस असाच फिरतो. आम्ही धावत सुटलो.

बहीण: पण वळसा घालून सोपी वाट होती की कड्यावर यायला. त्या निसरड्या घळीतून सरळ कशाला चढलात, पाय मोडून घ्यायला?

माणूस: वेळ कुठे होता? तुमच्या भावानं फोनवर सांगितलं होतं ना...

भाऊ: अहो, जाऊ द्या ते.

बहीण: काय सांगितलं होतं?

माणूस: तुम्ही परत यायचं नाही म्हणून गेलाय. जीव द्यायला. आधीही तसं बोलला होतात म्हणे.

बहीण: दादा?

भाऊ: पथकवाले रविवारपर्यंत थांबा म्हणत होते. मला काहीतरी बोलावंच लागलं.

बहीण: जीव द्यायला कुणी थर्मासभर चहा घेऊन जातं का रे?

भाऊ: म्हणाली होतीस तू! स्कूटरचा अपघात झाला तेव्हा. मला जगायचं नाही म्हणाली होतीस. माझा हात धरून.

बहीण: अंथरुणात म्हणाले होते! छताकडे बघत पडून होते तेव्हा. डोंगरावर चढताना नाही म्हणाले!

भाऊ: तुझ्या वहिनीनं तुझे केस धुतले. मी तुला बाळासारखं उचलून...

बहीण: उचललंस. नाही कुठे म्हणतेय? पण खाली ठेवायचं नाव घेत नाहीस अजून! आता गावभर मी जीव द्यायला गेलेली बाई. उद्यापासून गिऱ्हाईक खुर्चीत बसून माझ्याच तोंडाकडे बघेल.

भाऊ: मी घाबरलो होतो गं.

बहीण: मग घाबरायचं होतंस! घरात बसून घाबरायचं होतंस!

भाऊ: साहेब, तुम्ही तरी सांगा हिला. भावाच्या जागी तुम्ही असतात तर...

माणूस: मला मध्ये घेऊ नका. आम्ही पगारी नोकर नाही. मी सुतार आहे. हातातलं काम टाकून आलो होतो. आता हा पाय घेऊन घरी बसायचं. आणि उद्या खरंच कुणी तसा डोंगरावर गेला, त्याच्या घरच्यांचा फोन आला, तर आम्ही काय करायचं? आधी खरं-खोटं करत बसायचं?

भाऊ: चुकलं माझं.

माणूस: मला काय सांगता? माझी बायको बसलीये बाहेर बाकावर. तिला सांगा.

भाऊ: सांगतो. ...तू येतेस बरोबर?

बहीण: नाही.

भाऊ: बरं. आणि तिथे... वर... परत जाणारेस?

बहीण: नवा बर्फ पडला की.

भाऊ: मी अडवत नाही. फक्त सांगून जा.

बहीण: सांगूनच गेले होते, दादा.