थेल्मा चहा इथेच पिणार

नाही म्हणजे नाही, बाई. माझी बहीण थेल्मा कुठेही जाणार नाही. तुम्ही कौन्सिलकडून तिला न्यायला आलात, तुमचं काम आहे ते, माझा तुमच्यावर राग नाही — पण चारच्या ठोक्याला आलात ना, मग आधी चहा. बसा, तिच्या शेजारीच बसा, चावत नाही ती. या घरात चारला कामाचं कुणी बोलत नाही, आईची शिस्त — आजोबा गेले त्या दिवशीसुद्धा आईनं चहादाणीला लोकरीचं टोपरं चढवलंच, म्हणाली, रडायचं ते चहा झाल्यावर. हसताय? हसा. साखर घालू?

हो, भाजलं तिला. कुठे नाही म्हणतेय? मी चहाबरोबरचे स्कोन काढायला ओव्हनशी वाकले, तेवढ्यात हिनं किटली उचलली. हात पोळला, फोड आला, बराही झाला — पण शेजारच्या प्रॉबर्टबाईंना दम कुठला! लगेच तुम्हाला फोन. त्यांना म्हणावं, आधी स्वतःचा कुत्रा सांभाळा. घ्या, स्कोन घ्या.

तुमचं ते वृद्धांचं घर बघून आलेय मी. स्वच्छ आहे, पोरी हसऱ्या आहेत, सगळं खरं. पण चहा? जेवण खाली उतरतंय न उतरतंय तोच ढकलगाडीवरून येतो, दूध आधीच ओतलेलं, प्लॅस्टिकच्या पेल्यात — पेल्याला झाकण, झाकणाला चोच! तान्ह्या बाळाला देतात तसं. आणि ही थेल्मा! कपात चहाच्या आधी दूध ओतणाऱ्या माणसाला जिनं जन्मात कधी दुसऱ्यांदा बोलावलं नाही!

काय म्हणालात? बहिणीवर फार जीव आहे माझा? — जीव! अहो, कसला जीव. अर्धं आयुष्य आम्ही धड बोललो नाही. तो फोटो बघताय ना, तो क्लिफर्ड. हिचा नवरा. माझं ठरलं होतं त्याच्याशी. दर रविवारी चारला यायचा, या टेबलाशी बसायचा, मी ओतायची. एका रविवारी मी आजारी मावशीकडे माल्व्हर्नला गेले आणि चहा हिनं ओतला — झालं! पुढच्या वसंतात चर्चमध्ये हिचा लग्नाचा झगा सावरत मागून चालले मी. हो, मीच! घरी बसून गावाला चघळायला विषय देऊ? तो वारल्यावर ही पेट्या घेऊन दारात उभी. ये म्हटलं, घर आईचं आहे, दोघींचं आहे. तेव्हापासून रोज चारला समोरासमोर — ‘दूध?’ ‘थोडं.’ ‘स्कोन?’ ‘अर्धा.’ बस. माफीचा एक शब्द नाही. मी वाट बघायची हो... रोज वाटायचं, आज म्हणेल.

आणि आता बघा. गेल्या हिवाळ्यापासून हिचं सगळं पुसलंय. नवरा आठवत नाही, सकाळी मला नर्स समजते. पण चारला मी ओतायला घेतलं, तो वास गेला नाकात, की मान वर करते — ‘एव्हरिल, तो उंच मुलगा तुझा होता ना गं?’ हो, म्हणते मी, माझाच. ‘मग मी का घेतला?’ — असं विचारते! आणि माझा हात धरून म्हणते, ‘चुकलं गं माझं.’ रोज, बाई, रोज! कप रिकामा झाला की विसरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तिचं भलं बघायचं म्हणता — बघा. मी माझंही बघते. हो, म्हणाले मी, माझंही! या वयात एवढं एक मिळतंय मला, ते तुमच्या चोचीच्या पेल्यापायी सोडू? साहेबाला पाठवा, पोलिसाला पाठवा — सगळ्यांना चहा पाजेन, पण थेल्माला देणार नाही. आणा तो कप इकडे, अजून थोडा ओतते, गार झाला असेल—

थेल्मा? काय गं?

तिकडे नाही, थेल्मा. ती नव्हे. मी इकडे आहे, मी एव्हरिल, इकडे बघ — अगं, तिचा हात कशाला धरतेस?

बाई, हात सोडवून घ्या. काय म्हणतेय ते ऐकत बसू नका, ती माफी तुमच्यासाठी नाही. उठा त्या खुर्चीवरून. जा म्हणते ना मी!