मोठं रीळ आणि हलकी झोप

हळू... हळू हसा हो, पोरगी उठेल! आणि माझ्या पायाकडे बघू नका, पायाचं शेवटी सांगते. आधी ते रीळ! रीळ कसलं, भोपळा म्हणा भोपळा! माझ्या पायमशीनवरची रिळाची खुंटी करंगळीएवढी. तिच्यावर हा भोपळा बसवला की तो डुलतो, अडतो, दोऱ्याला हिसका देतो आणि... तुटला! बरं, नुसता दोरा तुटला असता तर तुमचं डोकं कशाला खाल्लं असतं? पण आमच्याकडे दोरा तुटला की मशीन थांबतं, आणि मशीन थांबलं की पोरगी उठते! आठ महिन्यांचा जीव, पण झोप फक्त मशीनच्या खडखडाटात. मी अंगाई म्हटली की डोळे टक्क उघडे!

तुम्हाला सांगते, रीळ मी हौसेनं नाही आणलं. दुलयांच्या कारखान्यातल्या मॅडमनी दिलं, वर तंबी, "एक दुलई शिवून दाखव, याच दोऱ्यानं. संध्याकाळी येते बघायला. टिपेत मधेच जोड दिसला तर घरी काम नाही हं, इथं येऊन बसायचं." तिथं बसू? आणि ही? हिला पाळणाघरात? अहो, ही माझ्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी पीत नाही! झोपली की मी दर थोड्या वेळानं नाकाखाली बोट धरून बघते, श्वास चालू आहे ना... पाळणाघरातली बाई धरणार आहे का बोट? म्हणून ठरवलं, शिवेन तर घरीच.

आमचे हे डबा भरून घेत म्हणाले, "त्यात काय एवढं? रीळ जमिनीवर ठेव." ठेवलं. ते लवंडलं, गडगडत पलंगाखाली गेलं, त्याच्यामागे दोरा, दोऱ्यामागे मी... आणि तुटला! मशीन थांबलं, पोरगी उठली. आणि हे? हे तोवर जिना उतरलेसुद्धा! सल्ला देणारा माणूस निस्तरायला कधी थांबलाय का?

टीप उसवली, पोरगी थोपटली, पुन्हा काठापासून सुरुवात. तेवढ्यात सासूबाई आल्या. "सर बाजूला! एक रीळ आवरत नाही, संसार काय आवरणार?" रिळात पेन्सिल घातली, दोन्ही हातांत आडवी धरली आणि बसल्या माझ्या मागे. काय सांगू, दोरा कसा सरसर यायला लागला! टीप म्हणजे मुंग्यांची रांग! मनात आलं, सासू असावी तर अशी... एवढं मनात यायला आणि हिसका बसायला एकच गाठ पडली! वळून बघते तर ज्या खडखडाटानं नात झोपते, त्याच खडखडाटानं आजीही झोपलेली! पेन्सिल एकीकडे, रीळ मांडीवर. दोरा तुटला, मशीन थांबलं, पोरगी उठली. आजी? आजी नाही उठली!

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं, मॅडम यायची वेळ जवळ आली. म्हटलं, दोरा आडवा ओढला की हिसका... मग वरून घेतला तर? मशीनच्या मागे आंघोळीचा मग ठेवला, त्यात रीळ उभं केलं, वर खिडकीच्या कडीला हँगर टांगला. दोरा मगातून सरळ वर, हँगरवरून खाली मशीनमध्ये. चाललं की हो! पण माझं सुख कुणाला बघवतंय? दोरा इतका गुळगुळीत की वेटोळी घसरून रिळाच्या बुडाशी जमायला लागली. आता अडकणार... आता तुटणार...

चाकाचा स्क्रू ढिला केला. बॉबिन भरताना करतो ना, तसा. म्हणजे सुई थांबते, खडखड चालू राहते. (हे आधी का नाही सुचलं, विचारू नका. लेकरू रडत असताना कुणाला काय सुचतं?) पाय हलवत हलवतच हात लांब केला, पोरीच्या पायातला मोजा हळूच ओढला, कात्रीनं त्याचा चवडा उडवला आणि रिळाला खालून चढवला! दोरा चवड्यातून बाहेर, वेटोळी मोज्यात गच्च. स्क्रू आवळला आणि जी सुटले ती काठ ते काठ, काठ ते काठ...

मॅडम आल्या. टिपांवरून बोट फिरवत गेल्या, फिरवत गेल्या... माझा श्वास बंद, आता माझ्या नाकाखाली बोट धरायची वेळ! शेवटी म्हणाल्या, "जोड कुठे दिसत नाही गं!" मग रिळाकडे बघून, "याला काय सर्दी झालीय?" आणि जाता जाता, "उद्यापासून घरीच शीव."

घरीच! मला नाचावंसं वाटलं. पायट्यावरून पाय उचलला मात्र... ट्यँहँऽऽ!

तर हे असं आहे बघा पायाचं. दुलई गेली, मॅडम गेल्या, स्क्रू ढिला, सुईत दोरा नाही, पण पाय चालूच. इकडे लेक गाढ, तिकडे सासूबाई गाढ. काही म्हणा, दोरा ओवलाच नाही ना... तर एकदासुद्धा तुटला नाही हो!