सरीच्या टोकाचं एक रोप

ताई : पाठीवरचा पंप उतरव आधी. या बांधावर तणनाशक मारायचं नाही.

धाकटा : ताई, तू चार दिवसांची पाहुणी. वर्षभर या तणाशी झुंजतो मी. सगळं रान फवारून झालं, एवढा बांधच राहिलाय.

ताई : म्हणूनच म्हणते. आई खुरपताना सरीच्या टोकाला प्रत्येक तणाचं एकेक रोप ठेवायची, बियाण्यापुरतं. ते आता फक्त इथं उरलंय.

धाकटा : अण्णा म्हणायचे, लोक तण उपटतात, आमची बाई त्याला जेवायला थांबवून घेते.

ताई : आणि दाढ ठणकली की गुपचूप आघाड्याची काडी चावत बसायचे.

धाकटा : गेले ते दिवस. ज्या आईला हे सगळं ठाऊक होतं, ती काल मला दूधवाला समजली. 'अहो' म्हणाली मला.

ताई : माणसं विसरली रे ती. पण सकाळी मी तिच्या हातावर माका चुरडला, तर वास घेऊन म्हणाली, "तेलात उकळ, केस गळायचे थांबतील." आठवड्यातलं पहिलं धड वाक्य. म्हणून तर तिला इथं सावलीत आणून बसवलंय.

धाकटा : काहीतरीच. थांब, मीच विचारतो. आई, हा पाला कशाचा?

आई : गाजरगवत आहे ते. टाक. अंगाला खाज सुटेल, शहाण्या.

ताई : घे. निघाला होता आईची परीक्षा घ्यायला.

धाकटा : बरं, आणि हा?

आई : दगडी पाला. रक्त कुणाला आलंय?

धाकटा : कुणाला नाही, आई.

आई : असं कसं? माझ्या धाकट्याचा पाय कापलाय खुरप्यानं. तळहातावर चोळा, रस पिळा, वर तोच पाला बांधा.

धाकटा : ताई, तो वण अजून आहे माझ्या पायावर.

ताई : मला माहितीय. बोलू दे तिला.

आई : तुम्ही कोण ते काही ध्यानात येत नाही. पण जाता जाता एवढा पाला त्याला देऊन या. रडायचा नाही तो. नुसता माझ्या तोंडाकडे बघत बसतो.

धाकटा : देतो, आई.

ताई : काय रे?

धाकटा : काही नाही. पंपाचा पट्टा सोड जरा. मला नीट दिसत नाहीये.