झाकण मी उघडले होते

पुरवणी जबाब

मी खाली सही करणारी, वय ६३ वर्षे, कॉन्व्हेंट शाळेच्या ग्रंथालयातून सेवानिवृत्त, शिक्षण त्याच शाळेत, राहणार पाण्याच्या टाकीमागे, गल्लीतील शेवटचे बैठे घर. आज तारीख ६ रोजी सकाळी साडेदहा वाजता कोणी बोलावले नसताना ठाण्यात हजर राहून जबाब देते की,

मागील महिन्याच्या २४ तारखेला मी याच ठाण्यात माझी नणंद हरवल्याची तक्रार दिली आहे. तिला घरात सगळे बेबी म्हणतात. तिचे वय ५८ आहे. ती अविवाहित असून शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. मी लग्न होऊन आले तेव्हा ती वीस वर्षांची होती. माझे पती वारल्याला सव्वीस वर्षे झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच आहोत. घर तिच्या वडिलांचे आहे.

त्या तक्रारीत मी असे सांगितले होते की, मी २० तारखेला परत आले तेव्हा अंडी उबवायचे मशीन बंद होते व अंडी गार पडली होती, त्या अर्थी माझ्या गैरहजेरीत कोणीतरी घरात आले असावे. हे खरे नाही. मशीन चालू होते. दिवा लागलेला होता व काट्यावर साडेसदतीस अंश दिसत होते.

मशीन बेबीने दोन वर्षांपूर्वी घेतले. आजवर तिने चार वेळा अंडी लावली. पहिल्या वेळी एकही पिल्लू निघाले नाही. तिने सगळी अंडी फोडून पाहिली आणि थर्मामीटर दीड अंश चुकीचा असल्याचे शोधून काढले. दुसऱ्या वेळी अंडी विकणाऱ्याकडेच तीन आठवडे पडून असलेली निघाली. तिसऱ्या वेळी ती दिवसातून दोनदा अंडी फिरवत होती. त्यामुळे रात्रभर रोज तीच बाजू वर राहिली आणि पिल्ले आतून कवचाला चिकटली. फिरवणे तीनदा हवे होते. हे सर्व तिने वहीत तारीखवार लिहून ठेवले आहे. मी तिला म्हणाले होते की बाजारातून चार कोंबड्या आण आणि मोकळी हो. त्यावर ती म्हणाली, ‘वहिनी, तू आयती गोष्ट वाचणारी, तुला काय कळणार?’

चौथ्या वेळी तिने मागील महिन्याच्या १ तारखेला सकाळी चोवीस अंडी लावली. प्रत्येकावर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला. सातव्या दिवशी बॅटरी धरून पाहिले तेव्हा तीन रिकामी निघाली. चौदाव्या दिवशी एकात रक्ताचे वर्तुळ दिसले. तीही काढली. वीस राहिली.

१५ तारखेला मी भावाच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्याच्या गावी गेले. बेबी कोपऱ्यापर्यंत पिशवी घेऊन आली होती. बस लवकर आली म्हणून फारसे बोलणे झाले नाही.

२० तारखेला दुपारी चारला परतले. घराला कुलूप होते व किल्ली नेहमीच्या जागी होती. तिची निळी बॅग, दोन स्वेटर, औषधे व उशी नव्हती. वही मशीनवर उघडी होती. तिच्यात १९ तारखेखाली लिहिले होते, ‘अठरावा दिवस. फिरवणं बंद. पाणी भरलं. वहिनी, आता काही करायचं नाही. झाकण उघडू नकोस. पंख वाळले की मगच खाली काढ.’ तिच्या स्वतःबद्दल एक अक्षर नव्हते.

म्हणून मी दुसरी चिठ्ठी शोधली. ती मला चिठ्ठ्या ठेवते त्या माझा हात नक्की जाईल अशाच जागी. साखरेच्या डब्यात, चष्म्याच्या घरात. त्या सगळ्या जागा पाहिल्या. ग्रंथालयातून आणलेली पुस्तके झटकून पाहिली. संध्याकाळी सहाच्या सुमारास मी मशीनचे झाकण उघडले. अंडी बाजूला करून खालची जाळी उचलली. चिठ्ठी नव्हती.

२१ तारखेला सकाळी अंड्यांतून आवाज येऊ लागला. घरात दुसरा आवाज नव्हता. त्या दिवशी मी झाकण चार वेळा उघडले. एकदा पाण्याच्या पन्हाळीखाली पाहायचे राहिले म्हणून उघडले. बाकीच्या तीन वेळांचे कारण सांगता येत नाही. २२ तारखेला किती वेळा उघडले ते आठवत नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आवाज थांबला.

२३ तारखेला सकाळी मी मशीनचे बटण बंद केले. बेबी करते तशी सगळी अंडी एकेक करून फोडली. विसाच्या वीस पिल्ले पूर्ण वाढलेली होती. अकरांनी आतून कवच टोचले होते. आतला पापुद्रा कागदासारखा कोरडा होऊन त्यांच्या अंगाला घट्ट बसला होता, म्हणून त्यांना वळता आले नाही. शेवटच्या तीन दिवसांत झाकण उघडले की आतला ओलावा निघून जातो. १९ तारखेला कोणी मशीन बंद केले असते तर एकाही अंड्याला टोचा पडला नसता. हे मी त्याच दिवशी तिच्या वहीत लिहिले, ‘वीसपैकी शून्य. कारण, झाकण उघडले. कोणी, वहिनी.’ ती वही मी तक्रारीच्या वेळी कपाटात ठेवून आले होते. आज हजर केली आहे.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात आले तेव्हा आपण मला बसवून पाणी दिले आणि म्हणालात, ‘बाई, बॅग भरून गेलेलं माणूस हरवलेलं नसतं. संशयाचं काही असेल तर सांगा, नाहीतर आम्ही शोधायचं काय?’ तेव्हा मी मशीनचे सांगितले. ते ऐकून आपण लिहायला घेतले. मशीन कोणाला चालवता येते, असे विचारल्यावर मी कोपऱ्यावरच्या पंखेवाल्याचे नाव घेतले, कारण १२ तारखेला तोच मशीनचा पंखा बदलून गेला होता. त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नव्हती व नाही.

त्यानंतर आपण स्टँडवर, दवाखान्यांत, धर्मशाळेत विचारणा केलीत. हवालदार दोनदा घरी येऊन गेले. बारा दिवस कोणीतरी तिला शोधत होते.

काल ५ तारखेला अकरा वाजता पंखेवाल्याची बायको माझ्याकडे आली. मी चहा विचारला, ती नको म्हणाली. तिने सांगितले की नवऱ्याला चार वेळा ठाण्यात बोलावले, दिवसभर बाकावर बसवले, दुकान बंद आहे. मग म्हणाली, ‘ताई, घरचा मिक्सर दुरुस्त करायला त्याला सहा महिने लागतात. तो वेळ काढून दुसऱ्याच्या घरचं मशीन बंद करायला जाईल होय?’ मला हसू आले. ती हसली नाही. तिची मुलगी आमच्याच शाळेत सहावीत आहे. तिला वर्गात विचारतात की तुझ्या बाबांनी त्या बाईंचं काय केलं. ती दारातून गेल्यावर मी वही कपाटातून काढली.

आणखी विचारल्यावरून सांगते की, दूधवाल्याने मला २१ तारखेलाच सांगितले होते की १९ तारखेला सकाळी बेबी त्याला म्हणाली, ‘उद्यापासून अर्धा लिटरच टाका.’ हे मी आपल्याला सांगितले नव्हते.

ती का गेली, या प्रश्नावर सांगते की, आमचे भांडण झाले नव्हते. चार-पाच महिन्यांपूर्वी मटार सोलताना ती म्हणाली होती, ‘वहिनी, मी आयुष्यात एक दिवस एकटी राहिले नाही गं. आधी आई-बाबा, मग दादा, मग तू.’ मी चेष्टेत म्हणाले, ‘मग मला काय कुरिअरने पाठवून देतेस?’ ती हसली आणि टोपली उचलून आत गेली. मी तेव्हा विचारायला हवे होते. विचारले नाही.

ती अठराव्या दिवसापर्यंत थांबली आणि अंड्यांना कोणाची गरज उरली नाही तेव्हा गेली. तिला कोणी नेलेले नाही. पंखेवाल्याला पुन्हा बोलावू नये.

खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते हे आपण मला समजावून सांगितले आहे. मला मान्य आहे. तसेच सज्ञान व्यक्ती स्वतःहून गेली असल्याने तपास बंद होईल, आणि ती सापडली तरी तिच्या इच्छेशिवाय पत्ता मला सांगता येणार नाही, हेही सांगितले. सांगू नये. जेवतेखाते एवढे कळले तरी पुरे, असे मी म्हणाले. तेवढेही कळवण्याची पद्धत नाही असे आपण सांगितले.

माझ्या पहिल्या तक्रारीतील वर्णनात चूक आहे. तपास बंद होत असल्याने आता वर्णनाची गरज नाही असे आपले म्हणणे आहे. तरी माझ्या विनंतीवरून लिहून घेतले ते असे. केस पांढरे सांगितले होते. ते फक्त कपाळाजवळ पांढरे आहेत, मागे अजून काळे आहेत. उंची पाच फूट एक इंच. उजव्या अंगठ्यावर प्रयोगशाळेतील ॲसिडचा जुना डाग. चष्मा सापडला नाही तर माझा घालून बघते. रस्ता ओलांडताना शेजारच्याचा दंड धरते. शेजारी कोणी नसेल तर थांबून राहते.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वर्णनाचा भाग मी दोनदा वाचून घेतला. तो बरोबर आहे.

सही