खांद्यावरचा हात

नाही, तो डोळे तपासायचा तक्ता भिंतीला लावायचा नाही. पुढच्या महिन्यात येतो म्हणून गेलात आणि तीन वर्षांनी उगवलात — तुम्ही नव्हता हो ताई, माहीत आहे मला, तुमच्या आधीचा तो चष्मेवाला होता. पण पिशवी तीच आहे की. बसा, उन्हातनं आलाय, पाणी प्या आणि वाटेला लागा. शिबिराला माणसं गोळा करायला मी येणार नाही. मागच्या खेपेला चार दिवस सायकल हाणली, वस्त्या पालथ्या घातल्या, म्हाताऱ्यांना हाताला धरून शाळेत आणलं. तो म्हणायचा, भाऊ, शिबिर तुमच्या जिवावर आहे — आणि मी गाढव, फुगलो.

माझी आई शेवटून तिसरी. पोरांच्या बाकावर बसवली, एका डोळ्यावर पुठ्ठा, समोर हाच तक्ता — ह्याच फण्यांसारख्या खुणा, त्यांचे दाते कुठल्या बाजूला ते हातानं दाखवायचं. वरच्या दोन दाखवल्या तिनं, मग हात अडला. दारात ही गर्दी, कोणीतरी खिदळलं — आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, ही परीक्षा आहे. चौथीत दोनदा नापास झालेला माणूस मी, मला दुसरं काय वाटणार? आई चारचौघांत नापास व्हायला नको, एवढंच. मी मागं उभा होतो, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले. दाते उजवीकडं असले की उजवा दाबायचा, डावीकडं की डावा, वर असले की जरा उचलायचं, खाली की दोन्ही दाबायचे. म्हातारी हुशार, लगेच उमगलं तिला. दुसऱ्या डोळ्यालाही तेच. पार शेवटच्या ओळीपर्यंत पास — लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता मला काय ठाऊक, जो नापास होतो त्यालाच पलीकडच्या खोलीत डॉक्टरकडं पाठवतात, डोळ्यात बॅटरी मारून बघायला? पास झाला की कार्डावर ‘नजर चांगली’ आणि चला घरी. कार्ड आहे अजून पेटीत, दाखवू? वर्षभरात ती भिंती चाचपायला लागली. मोठ्या दवाखान्यात नेली तर म्हणाले, काचबिंदू — डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस मरते, दुखत नाही की खुपत नाही. गेलेली नजर परत येत नाही, पण शिबिरातच थेंब चालू झाले असते तर उरलेली टिकली असती. आई माझ्याकडं तोंड करून — माझ्याकडं कुठलं, खिडकीकडं — म्हणाली, "तुझा हात होता म्हणून मी निवांत होते रे." बस. परत कधी विषय काढला नाही तिनं. मागच्या उन्हाळ्यात गेली.

चूक माझीच, मी कुठं नाही म्हणतो? मी अडाणी. पण त्या चष्मेवाल्यानं माझे हात बघितले होते ताई. छडी घेऊन तक्त्यापाशी उभा होता, बघितलं, मला डोळा मारला आणि कार्डावर लिहिलं. त्याला तर कळत होतं ना? बाहेर गाडी चालू करून ठेवलेली, दोन माणसं राहिलेली, उरकायचं होतं त्याला. भाऊ म्हणायचा मला.

हे? कपाळावरचं? काही नाही, चौकटीला धडकलो. चौकट हलत नाही, ते मलाही कळतं. ह्या महिन्यात दोनदा धडकलो म्हणता? थांबा, हे तुम्हाला कोणी सांगितलं? बायकोनं? तरीच म्हणलं, सगळी गल्ली सोडून बाई सरळ आपल्याच दारात कशी आली. सायकल सोडली तेही सांगितलं असेल. समोरचं दिसतं हो, बाजूनं काही आलं की कळत नाही. तुमचं तोंड दिसतंय — हातात काय धरलंय ते नाही दिसत. हे दुखणं आईचं लेकराला येतं म्हणता? म्हणजे मला...

लावा. तिथं खिळा आहे बघा, कॅलेंडरचा. आधीच सांगतो, मी पास व्हायचा नाही, ओळी दिसल्या तरी डॉक्टरकडं पाठवा. मागं कोण आहे? तूच ना गं? काढ तो हात खांद्यावरनं. बाहेर जा तू, आणि दार ओढून घे.