प्राचार्यांनी केलेली डिस्कची पूजा

भाऊ, चहा आधी संपवा, मंग आमच्या प्राचार्याच्या अकलेची गोष्ट ऐका. नाहीतर ठसका लागन.

जळगाव जामोदच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरचं सारं मीच पाह्यतो. दसऱ्याले प्राचार्य सायबानं स्वतः सर्व्हर उघडला, वायरी काढून एकेका डिस्कले हळदकुंकू लावलं अन् वायरी परत कशाबशा खुपसल्या. काऊन, त म्हणे, "वरून केलेली पूजा आत पोचत नाही!"

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं, पण पोरांच्या मार्कांचा अख्खा ड्राइव्ह गायब. स्क्रीनवर इंग्रजीत एक प्रश्न, अन् सायबाचं बोट बटनावर.

"एवढं विचारून राह्यलं बिचारं, हो म्हणून टाकतो."

"सर, हात काढा! डिस्क कोरी करू का, असं विचारून राह्यलं ते!"

मी वायरी काढून नीट बसवल्या, स्क्रीनवर बंद दाखवत होती ती डिस्क चालू केली. ड्राइव्ह आला, मार्कही आले.

त सायब साऱ्या स्टाफले सांगतात, "पाह्यलं? पूजा पावली!"

म्या म्हटलं, "पावली ना सर. पुढच्या दसऱ्याले कॉलेजच्या बसचीही करा, ब्रेक काढून. अन् पहिल्या फेरीले तुम्हीच बसा."