तलासरीहून आणलेली गादी

मला कंजूष म्हणणाऱ्यांनी माझ्या गादीवर एकदा पडून बघावं. निर्मलानं बघितलं, तेच सांगते.

निर्मला माझी शेजारीण, रेल्वेतल्या माणसाची बायको. कंबरेनं मला वर्षभर छळलं, म्हणून तिला सोबत घेऊन तलासरीला गादी घ्यायला गेले. गुजराती दुकानदारानं माझ्या शिवलेल्या चपला बघितल्या आणि स्वस्तातली गादी पुढे केली. "बा, तुमच्यासाठी ही बरोबर."

"सगळ्यात चांगली काढ," मी म्हटलं. त्यानं ती अंथरली, तशी मी सरळ आडवी झाले आणि डोळे मिटले.

"मावशी, उठा, लोक बघतायत," निर्मला कुजबुजली.

"बघू दे. हिच्यावर रोज त्यांना नाही झोपायचं, मला झोपायचंय."

किंमत ऐकून निर्मलानं कपाळाला हात लावला. "स्टँडवर साधा चहा नको म्हणालात, चप्पल दोनदा शिवलीत, आणि गादी एवढी महाग?"

"चप्पल शिवली म्हणूनच गादी आली. तू दर महिन्याला सेलमधून काहीतरी उचलतेस, त्यातलं घरात काय टिकलंय ते सांग."

मी पैसे मोजून दिले. गादी आशागडला घरी न्यायला टेम्पो केला. त्याचं भाडं दिल्यावर बसचं तिकीट कशाला काढायचं? दोघी मागे गादीवरच बसलो. हायवे सुटायच्या आत निर्मला आडवी झाली, ती घोरायलाच लागली.

घराशी आल्यावर हलवून उठवलं, तर डोळे न उघडता विचारते, "मावशी, अशी आणखी एक होती का हो त्याच्याकडे?"